३१ ऑक्टोबरला दार उघडं ठेवा: हॅलोविनऐवजी ख्रिस्ती घरात काय करता येईल

“परवा तुमचा भोपळ्याचा सण ना हो? काय काय करता त्यात?” तीन वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंनी जिन्यात थांबवून विचारलं, तेव्हा हसावं की रडावं तेच मला कळेना. काकूंचा हिशोब सरळ होता. भोपळे टीव्हीवर दिसतात, ते साहेबाच्या देशातून येतात, साहेब ख्रिस्ती, म्हणजे सण शेजारच्या ख्रिस्ती बाईंचा. त्याच आठवड्यात थोरलीच्या शाळेतून निरोप आला होता की शुक्रवारी सगळ्यांनी भुताचा नाहीतर चेटकिणीचा ड्रेस घालून यावं. आम्ही नवरा-बायकोनं फारसा विचार न करता तिला त्या दिवशी घरी ठेवलं. पोरगी दिवसभर गॅलरीत बसून होती. संध्याकाळी मैत्रिणी गालांवर काळे रंग आणि हातात चॉकलेटं घेऊन रिक्षातून उतरल्या. ते बघून आत आली आणि म्हणाली, “आई, आपण नुसतं नाहीच म्हणायचं असतं का गं?”

त्यानंतर दोन वर्षं आम्ही निरनिराळं करून पाहिलं. काही जमलं, काही पार फसलं. जे जमलं ते इथं क्रमानं लिहिते आहे. २०२६ साली ३१ ऑक्टोबर शनिवारी येतो, १ नोव्हेंबर रविवारी, आणि दिवाळी त्याच्या पुढच्या आठवड्यात. म्हणजे सुट्टी, चर्च आणि बाजारातल्या पणत्या, तिन्ही गोष्टी आयत्याच जुळून आल्या आहेत.

आधी तारीख समजून घ्या

मुलांना आणि काकूंना उत्तर द्यायचं तर एवढं माहीत हवं. हॅलोविन हा शब्दच मुळात ‘सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा घासून गुळगुळीत झालेला अवतार आहे. तिसरे ग्रेगरी हे ७३१ ते ७४१ या काळात पोप होते. त्यांनी रोममधल्या सेंट पीटर्समध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनास्थान अर्पण केलं, त्याच्याशी १ नोव्हेंबर ही तारीख जोडली जाते. पुढे चौथ्या ग्रेगरींच्या काळात, ८३५ च्या सुमारास, हा दिवस पश्चिम युरोपात सर्वत्र पाळला जाऊ लागला. त्याच सुमारास आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा हंगाम संपल्याचा, हिवाळा लागल्याचा ‘साविन’ नावाचा सण असे. त्या रात्री मेलेले आणि जिवंत यांच्यामधली भिंत पातळ होते, अशी तिकडची समजूत. दोन्ही गोष्टी एकाच तारखेभोवती राहिल्या आणि एकमेकींत मिसळल्या. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येनं अमेरिकेत गेली, त्यांच्याबरोबर हा प्रकारही गेला. आयर्लंडमध्ये ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. चॉकलेटं आणि कवट्या ही तिथल्या बाजाराची भर.

आपल्यासाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर यांनी विटेनबर्गमधून पापक्षमेच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. कोल्हापुरातली बरीचशी ख्रिस्ती घरं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या परंपरेतली, म्हणजे प्रॉटेस्टंट, ल्यूथरनंतर पोपपासून वेगळ्या झालेल्या पंथातली. या दिवसाला धर्मसुधारणा दिन म्हणायचा हक्क आपल्याला आधीपासूनच आहे, आपण तो कपाटात ठेवून दिला होता इतकंच.

काकूंना मी आता सांगते, ३१ ला धर्मसुधारणेचा दिवस, १ ला संतांचा आणि २ ला आमच्या गेलेल्या माणसांचा. “म्हणजे तुमची सर्वपित्रीच की,” काकू म्हणाल्या. अगदी तशी नाही, आम्ही पान वाढून ठेवत नाही, पण आठवण काढतो म्हटलं. त्यांना पटलं.

पहिली पायरी: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरात बोला

३० तारखेला रात्री घेतलेला निर्णय हा नेहमी ‘नाही’च असतो. त्यामुळे आधी बसा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बसवा. आमच्याकडे सासूबाईंनी विषय निघताच सुनावलं, “माझ्या आईच्या लहानपणी तिकटीवर उतारा दिसला की पोरं लांबनं वळसा घालून जायची. लिंबू दिसलं तरी आई गं म्हणायची. आज्यानं बाप्तिस्मा घेतला आन् ती भीती घरातनं गेली. आता तू पैसे मोजून दुकानातनं भुतं आणणार व्हय?”

माझ्या मते या विषयावरचं हे सगळ्यात वजनदार वाक्य. बाहेरच्या देशातून आलेल्या लेखांत भुताची गंमत ही गंमतच असते, कारण तिथल्या मुलाला करणी आणि भानामती माहीत नाही. आपल्याकडे दोन पिढ्या मागं जा, ही भीती खरी होती आणि तिनं माणसं पिळून काढली होती.

तरी मी सासूबाईंशी सगळं सहमत नाही. सोंग घेण्यात पाप नाही. भोपळ्यात तर नाहीच. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात जादूटोण्याला आणि मृतांना विचारायला जाण्याला स्पष्ट मनाई आहे, भोपळ्याचा तिथं उल्लेख नाही. म्हणून आम्ही एका कागदावर दोन रकाने केले. आमच्या घरी चालणार नाही: रक्त, कवट्या, चेटूक, भुतांचे व्हिडिओ, प्लँचेटचे खेळ. चालेल: सोंग, दिवे, खाऊ, खेळ, रात्री उशिरापर्यंत जागणं. मुलांनी स्वतः लिहिलं, कागद फ्रिजला लावला. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाल्यावरच थोरलीचा चेहरा खुलला.

तुमच्या चर्चमधलं एखादं घर यापेक्षा कडक असेल, एखादं सैल असेल. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय त्यासाठीच आहे. तो वाचा आणि दुसऱ्याच्या घरात डोकावू नका.

दुसरी पायरी: शाळेला आणि सोसायटीला वेळेत कळवा

मुलाला घरी बसवणं ही आमची चूक होती. शाळेचीही थोडी होती, पण आम्ही विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी बारा-पंधरा दिवस आधी मी वर्गशिक्षिकेला असा मेसेज पाठवला:

“नमस्कार टीचर. ३१ तारखेच्या कार्यक्रमाबद्दल लिहीत आहे. आमच्या घरात भूत-चेटकीण अशी वेशभूषा करत नाही. पण मुलीला सगळ्यांबरोबर यायचं आहे. ती एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीच्या वेशात आली तर चालेल का? वर्गासाठी मी घरून खाऊ पाठवते. कोणाच्या आनंदावर आमची काही हरकत नाही.”

अर्ध्या तासात उत्तर आलं, ‘नक्की चालेल.’ थोरली पंडिता रमाबाई होऊन गेली. पांढरी साडी, केस बारीक विंचरलेले, हातात एक जाडजूड पुस्तक. दोन मुलींनी विचारलं, ‘तू कोणतं भूत?’ तेव्हा तिनं मान ताठ करून सांगितलं म्हणे, “भूत नाही, पंडिता!” मेसेजमधलं शेवटचं वाक्य गाळू नका. आपण तक्रार करत नाही हे समोरच्याला पहिल्यांदा कळू द्यावं लागतं. आणि धर्मशास्त्र शिकवायला बसू नका, टीचरना चाळीस पालकांचे मेसेज येत असतात.

तिसरी पायरी: जागा, माणसं, पैसे

३१ ची संध्याकाळ कुठं करायची ते १५ ऑक्टोबरपर्यंत ठरवा. गच्ची उत्तम, पार्किंग चालतं, चर्चचं आवार मिळालं तर सगळ्यात बरं. पार्किंग असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा आणि ‘आठला आवरू’ असं सांगा, म्हणजे खरंच आठला आवरा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेपाचला खेळ, अंधार पडता दिवे, मग गोष्ट आणि खाणं हा क्रम चांगला बसतो. परतीच्या पावसाचा भरवसा धरू नका. पहिल्या वर्षी आम्ही गच्चीवर सगळं मांडलं आणि पाचला असं कोसळलं की वीस मुलं आमच्या हॉलमध्ये. तेव्हापासून सगळे खेळ घरातही बसतील असेच निवडते.

वीस मुलांपुढं जाऊ नका. दर पाच मुलांमागं एक मोठं माणूस हवं. हे काम महिला मंडळातल्या मावशींपेक्षा कॉलेजातली तरुण मुलं जास्त चांगलं करतात, फक्त त्यांचे मोबाइल एका टोपलीत जमा करून घ्या. खर्च आमचा दोन हजारांच्या आत बसला. त्यातले निम्मे खाण्यावर, उरलेले पणत्या, कागद आणि छोट्या बक्षिसांवर.

आता आमंत्रण. आपल्या मुलांचे मित्र निम्म्याहून अधिक हिंदू, मुस्लिम, जैन घरांतले असतात. त्यांना जरूर बोलवा, पण आमंत्रणात स्पष्ट लिहा की बायबलमधली गोष्ट सांगणार आहोत, सोंगं त्यातलीच असतील, प्रार्थनेच्या वेळी कोणाला बाजूला बसायचं असेल तर बसता येईल. जेवणात अंडं-मांस नाही हेही लिहा. खाऊच्या पिशवीत पत्रकं घालू नका. काही मंडळींना हे आवडत नाही, त्यांच्याशी माझे वाद झाले आहेत, पण मला वाटतं शेजाऱ्यानं विश्वासानं पाठवलेल्या मुलाच्या पिशवीत त्याला न सांगता काही सरकवणं हा प्रामाणिकपणा नव्हे. आमच्या इथं सगळं लिहून कळवल्यावर एकच घर आलं नाही, तेही लग्नाला जायचं होतं म्हणून.

चौथी पायरी: सोंगं घरातल्या कपड्यांतून

विकत काही आणू नका. पंचा, जुनी ओढणी, बाबांचा सैल सदरा, दोरीचा कमरपट्टा एवढ्यावर अर्धा जुना करार उभा राहतो. दावीदाला गोफण, रूथला गव्हाच्या नाहीतर भाताच्या चार लोंब्या, योनाला खांद्यावर जुनं मच्छरदाणीचं कापड, एस्तेरला आईची काठाची साडी. धाकट्यानं पहिल्या वर्षी दानीएलच्या गुहेतला सिंह व्हायचा हट्ट धरला, पिवळा टॉवेल डोक्याला बांधून तो तासभर सगळ्यांवर गुरगुरत होता. दानीएल कोणीच झालं नव्हतं. चालतं.

पाचवी पायरी: खेळ

इथं मात्र मेहनत घ्या, कारण मुलं खेळासाठी येतात.

आमचा सगळ्यात गाजलेला खेळ गल्याथचा, म्हणजे दावीदानं गोफणीनं पाडलेल्या त्या महाकाय योद्ध्याचा. पहिल्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात गल्याथची उंची सहा हात आणि एक वीत दिली आहे. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण अठरा इंच. हिशोब केला तर पावणेदहा फूट होतात. आमच्या फ्लॅटचं छत दहा फुटांवर आहे! म्हणून नवऱ्यानं आदल्या रात्री जुनी वर्तमानपत्रं चिकटवून छताला टेकेल असा गल्याथ भिंतीवर उभा केला. मुलांनी आधी स्वतःच्या हातानं कोपर ते बोट मोजून बघायचं, मग कळतं की त्यांच्या हाताचे सहा हात भरले तरी गल्याथच्या छातीपर्यंतही पोचत नाहीत. मोठ्या माणसाच्या हातानं मोजायला लागतं. या मोजामोजीतच पंधरा मिनिटं जातात आणि मजा तीच आहे. नेम मारायला गुंडाळलेले मोजे घ्या, प्रत्येकाला पाच, कारण दावीदानं ओढ्यातून पाचच गोटे उचलले होते. कपाळावर लाल टिकली लावून ठेवा, तिथं लागलं तर बक्षीस. खरे गोटे कोणी खिशातून आणले नाहीत ना, ते तपासा. आमच्याकडे एकानं आणले होते.

दुसरा खेळ खास कोल्हापूरचा म्हणायला हरकत नाही. दिवाळी आली की इथली पोरं गल्लोगल्ली किल्ले करतात. विटा, गोणपाट, लाल माती, वर हळीव पेरून हिरवळ. आम्ही तीच हौस आठवडाभर आधी कामाला लावली आणि किल्ल्याऐवजी यरीहोचा कोट बांधायला सांगितला, बायबलमधला तो कोट फेऱ्या आणि आरोळीनं पडला होता. बुरूज मातीचे, पण समोरची भिंत बुटांच्या रिकाम्या खोक्यांची, कारण ती पडायची असते. यहोशवाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे सहा दिवस रोज एक फेरी आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या. सहा दिवसांच्या फेऱ्या मुलं खेळायला उतरली की गप्प बसून मारतात. बोलायचं नाही हा नियम, आणि मुलांना तोच अवघड जातो. सातव्या दिवशी, म्हणजे ३१ ला, कागदाच्या तुताऱ्या घेऊन सात फेऱ्या आणि मग आरडाओरडा. गेल्या वर्षी दुसऱ्याच फेरीला धाकट्याला राहवलं नाही, त्यानं भिंतीला लाथ घातली. सगळी खोकी खाली. पुन्हा रचेपर्यंत तो कोपऱ्यात बसून रडत होता. खोकी हलकीच ठेवा आणि एक मोठा माणूस भिंतीपाशी उभा करा.

योनाच्या माशाचा खेळ वगैरेही करता येतात. दोन मोठे खेळ पुरतात.

सहावी पायरी: भोपळा कोरू नका, घारगे करा

आपल्या मंडईतला लाल भोपळा जाड सालीचा, तो कोरताना सुरी सटकते आणि पोरांच्या हाताला लागते. शिवाय खायची वस्तू दोन दिवसांत कुजवायची, हे आपल्या घरात कोणाला पटणार? त्यापेक्षा ३० तारखेच्या संध्याकाळी मुलांना घेऊन घारगे करा.

भोपळ्याची फोड घेताना गर गडद केशरी आणि घट्ट बघून घ्या. फिकट गर पाणी सोडतो. किसून दोन वाट्या होईल एवढा भोपळा, एक वाटी बारीक चिरलेला गूळ. गूळ कोल्हापुरात कुठला घ्यावा हे मी सांगायची गरज नाही, फक्त फार पांढरा-पिवळा घेऊ नका, काळसर गुळाला भोपळ्याबरोबर जास्त चव येते. कढईत चमचाभर तूप, त्यावर किस परता आणि झाकण ठेवून शिजवा. मऊ झाला की गूळ घाला. गूळ विरघळून मिश्रण आधी पातळ होतं, घाबरू नका, ढवळत राहा, थोडं आटून कडेनं सुटायला लागलं की उतरवा. वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ. मिश्रण पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना पीठ घातलं तर ते नंतर सैल पडतं आणि मग कणीक घालतच बसावं लागतं, माझं पहिल्या वर्षी तसंच झालं आणि घारगे चिवट झाले. गार झाल्यावर दोन चमचे बारीक रवा आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दोन ते अडीच वाट्या. पाण्याचा थेंब नको. पुरीपेक्षा किंचित घट्ट गोळा मळून अर्धा तास झाकून ठेवा.

मुलांचं काम इथून सुरू होतं. तेलाचा हात लावलेल्या कागदावर लिंबाएवढा गोळा थापायचा, वर खसखस दाबायची. गोल झाला नाही तरी चालतो. थोरलीनं काही घारग्यांना डोळे-तोंड काढलं होतं, तळल्यावर ते फुगून सगळे हसणारे झाले. तळणं मात्र मोठ्यांनीच. मध्यम आच, लालसर होईपर्यंत.

वीस-पंचवीस घारगे होतात. त्यातले निम्मे बाजूला काढा. ३१ ला अंधार पडण्याआधी मुलांनी ते कागदी पिशवीत घालून द्यायला जायचं: वॉचमनमामा, घरकामाला येणाऱ्या मावशी, तिसऱ्या मजल्यावरचे एकटे आजोबा, शेजारच्या काकू. यादी मुलांनी करायची. मध्ययुगात इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब लोक आणि मुलं घरोघर जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात छोटे गोड केक घेत. आजच्या दारोदार मागण्याची एक मुळी तिथंही आहे. आम्ही दिशा तेवढी उलटी केली, मागायला न जाता द्यायला जायचं. आजोबांनी दार उघडून दोघांना आत बसवलं आणि अर्धा तास कुस्तीच्या गोष्टी सांगितल्या. आम्ही खाली यरीहोपाशी ताटकळत.

सातवी पायरी: दिवे आणि ल्यूथर

पणत्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून किंवा बापट कॅम्पातून आणा, दिवाळी तोंडावर असल्यानं भरपूर असतात. आदल्या दिवशी पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे तेल पीत नाहीत. मोठ्या परातीत वाळू पसरून त्यात पणत्या रोवा, जवळ पाण्याची बादली ठेवा, आणि सोंगांच्या लोंबत्या ओढण्या दिवे लावायच्या आधी कमरेला गुंडाळून घ्या. हे मी तीनदा सांगेन, कारण ओढणीनं पेट घ्यायला क्षणही लागत नाही.

अंधार झाला की घरातले, गच्चीतले सगळे दिवे बंद करा. एक पणती लावा. मग त्या पणतीवरून प्रत्येक मुलानं आपापली लावायची. योहानाच्या आठव्या अध्यायातलं जगाच्या प्रकाशाबद्दलचं वचन कोणीतरी म्हणावं, ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहातलं एखादं सोपं गीत म्हणावं, आणि पुरे. इथं लांब प्रवचन झालं की मुलं पणतीत काड्या घालायला लागतात.

ल्यूथरची गोष्ट पाच मिनिटांत. एक संन्यासी होता, देवाच्या रागाची त्याला फार भीती वाटायची. मग त्याला कळलं की क्षमा विकत मिळत नाही, ती कृपेनं मिळते. म्हणून त्यानं लोकांना पैसे घेऊन क्षमेचे कागद विकणाऱ्यांविरुद्ध लिहिलं. चर्चच्या दारावर खिळ्यानं कागद ठोकला की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे, पण त्याच तारखेला त्यानं माइन्झच्या आर्चबिशपना पत्र पाठवलं हे पक्कं. पुढे १५२२ मध्ये त्यानं नवा करार जर्मन लोकांच्या बोलीत आणला. मराठीत नवा करार श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ मध्ये छापला (हे श्रीरामपूर बंगालमधलं, नगर जिल्ह्यातलं नव्हे). आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणण्याचं काम पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटापर्यंत केलं. गोष्ट झाली की मुलांना चिठ्ठ्या द्या, ज्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे ती लिहून दारावर चिकटवायची. आमच्या दारावर अजून एक चिठ्ठी आहे, ‘पाऊस पडला तरी खेळ झाले’.

बेल वाजली तर

सोसायटीतली मुलं कवटीचा मुखवटा लावून तुमच्याही दारात येणार. दिवे मालवून आत दबून बसू नका, मुलांना ते कळतं. एक ताट भरून ठेवा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, भडंगाच्या पुड्या. गेल्या वर्षी एक चार वर्षांची चेटकीण आली होती. टोपीचं इलॅस्टिक तिच्या हनुवटीला रुतलं होतं आणि ती रडकुंडीला आलेली. सासूबाईंनीच, होय त्यांनीच, इलॅस्टिक सैल करून दिलं, लाडू दिला आणि म्हणाल्या, “बस गं बाळ, घटकाभर टोपी काढून बस.” ती दिवे बघत तिथंच बसून राहिली, तिच्या आईला तिला शोधत यावं लागलं.

१ नोव्हेंबर: साक्षीदारांचा दिवस

रविवारी चर्चला जाऊन आल्यावर जेवण झालं की तासभर पुरतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या-बाराव्या अध्यायात विश्वासानं जगलेल्या माणसांची मालिकाच आहे, त्यावरून आम्ही भिंतीवर एक चार्ट लावतो. प्रत्येकानं एका माणसाची गोष्ट तीन मिनिटांत सांगायची आणि एक वस्तू दाखवायची.

कोल्हापुरात माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. वायल्डर मेमोरियल चर्चचं नाव मुलांच्या कानावर असतं, पण वायल्डर कोण? अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथं आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मिशन चळवळीचा एक आरंभकर्ता झाला. १८८६ मध्ये माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेसाठी नावं दिली, त्यामागं त्याचा हात होता. वस्तू म्हणून थोरलीनं पृथ्वीचा गोल आणला आणि कोल्हापूरवर टिकली लावली. मिरजेचे डॉ. विल्यम वॉनलेस आहेत, त्यांच्यासाठी स्टेथोस्कोप. रमाबाईंसाठी एक मूठ ज्वारी, कारण दुष्काळात त्यांनी स्वतःचे आई-वडील गमावले आणि पुढच्या दुष्काळात शेकडो मुलींना केडगावला आपल्या आश्रमात आणलं.

पण शेवटचं नाव घरातलंच असू द्या. आमच्याकडे सासूबाईंच्या आईचं होतं, तीच उताऱ्याला घाबरणारी मुलगी. मोठेपणी ती सुईण झाली आणि रात्री-अपरात्री कंदील घेऊन त्याच तिकटीवरून एकटी जायची. मुलांनी असे प्रश्न विचारले की सासूबाईंनाही दोन गोष्टी नव्यानं आठवल्या.

तुमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण याच सुमारास असेल तर तो यालाच जोडा. सोयाबीन-भुईमूग निघालेला असतो, भात कापणीला आलेलं असतं. उपासनेनंतर अर्पण आलेल्या पिकांचा लिलाव होतो, त्यात मुलांना त्यांच्या साठवलेल्या पैशांतून बोली लावू द्या. धाकट्यानं एकदा एकच दोडका बाजाराच्या पाचपट भावानं घेतला आणि घरी कोणाला कापू दिला नाही.

२ नोव्हेंबर: कबरस्तान

हा सोमवार, म्हणून सकाळी शाळेआधी किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. काही मंडळ्या ईस्टरच्या पहाटे जातात आणि या दिवशी जात नाहीत, तसं असेल तर आदल्या शनिवारी सकाळी गेलात तरी हरकत नाही. मला हा दिवस बाकी दोन्हींपेक्षा मोठा वाटतो. प्लॅस्टिकच्या हाडांशी खेळणाऱ्या मुलानं आपल्या आजोबांची कबर पाहिलेली नसते, हे मला खटकतं.

सामान: पावसाळ्यात गवत गुडघाभर वाढलेलं असतं म्हणून विळा आणि खराटा, पाण्याचे दोन कॅन, ताठ केसांचा ब्रश, जुने टूथब्रश, शेवंती-झेंडू, मेणबत्त्या. वारा असतो, मेणबत्तीसाठी प्लॅस्टिकची बाटली मधोमध कापून न्या. सापाकिड्याची काळजी, म्हणून मुलांना बूट घाला आणि गवत मोठ्यांनी आधी काठीनं हलवून कापा. शेजारची कोणाची बेवारस कबर असेल तर तीही झाडा.

मुलं प्रश्न विचारतात. ‘आजोबा आत आहेत का?’ ‘त्यांना थंडी वाजते का?’ बनवून काही सांगू नका. शरीर इथं ठेवलं आहे, ते आता दुखत नाही, आजोबा ख्रिस्ताजवळ आहेत आणि पुनरुत्थानाची आपल्याला आशा आहे, इतकं पुरतं. रडू आलं तर रडू द्या, आपल्यालाही येतं.

गेल्या वर्षी धाकट्याला मी दगडावरची अक्षरं घासायचं काम दिलं. शेवाळ अक्षरांच्या खाचांत बसलं होतं. तो टूथब्रशनं एकेक अक्षर कोरून काढत होता, सासूबाई वरून तांब्यानं पाणी सोडत होत्या. नाव झालं, वडिलांचं नाव झालं, मग तो आडनावावर आला आणि थांबला. बोटानं एकेक अक्षर परत वाचलं.

“आजी, हे तर माझं आहे.”

“व्हय,” सासूबाई म्हणाल्या, “घास की नीट मग.”